विंडोज सोडली, तर खेळायचे काय?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार काढून घेतला. आता तिला सुरक्षेची नेहमीची अपडेट मिळत नाहीत. घरगुती ग्राहकांसाठी वाढीव मुदतीची सोय ठेवली होती, तीही जाहीर केल्याप्रमाणे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. कंपनीचे म्हणणे सरळ आहे: विंडोज ११ वर या. पण तिथे आधी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप मागतात, सिक्युअर बूट मागतात, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. २०१६ च्या सुमारास मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या चार दुकानांत घासाघीस करून, एकेक भाग जमवत उभा केलेला पीसी या अटींत बसत नाही. त्याच पीसीवर 'द विचर ३' मात्र आजही मजेत चालतो.

अशा वेळी कोणीतरी जाणकार मित्र हमखास म्हणतो, 'लिनक्स टाक.' हा सल्ला जुनाच. वीस-पंचवीस वर्षे त्यावरचे उत्तरही ठरलेले होते: 'टाकले असते रे, पण गेमचे काय?' हे उत्तर आता पूर्वीइतके खरे राहिलेले नाही, आणि पुरते खोटेही झालेले नाही. स्टीम या गेमविक्रीच्या सर्वांत मोठ्या दुकानाची मालक असलेली व्हॉल्व्ह कंपनी आपल्या ग्राहकांच्या यंत्रांची दरमहा पाहणी छापते. तिच्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये लिनक्सने पहिल्यांदाच तीन टक्क्यांची रेघ ओलांडली. २०२१ मध्ये हा आकडा एकाच्या आसपास होता. नव्वद टक्क्यांहून अधिक खेळाडू अजून विंडोजवरच आहेत, हेही त्याच पाहणीत दिसते.

या बदलामागे लिनक्सच्या प्रेमापेक्षा व्हॉल्व्हची धास्ती अधिक होती. २०१२ मध्ये विंडोज ८ आली आणि सोबत मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे ॲप-दुकान घेऊन आली. व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल तेरा वर्षे मायक्रोसॉफ्टमध्ये काढलेले गृहस्थ. त्यांनी या प्रणालीला पीसी-जगतावरची आपत्ती म्हटले. त्यांची भीती उघड होती. स्टीमचे सगळे दुकान दुसऱ्याच्या गाळ्यात थाटलेले, आणि आता खुद्द गाळेमालकच शेजारी तोच माल विकायला बसणार. म्हणून २०१३ च्या आरंभी लिनक्ससाठी स्टीम आले, आणि २०१५ च्या अखेरीस 'स्टीम मशीन' नावाचे लिनक्सवर चालणारे डबे बाजारात आले. ते साफ पडले. लिनक्ससाठी गेम वेगळा बनवावा लागे. एक टक्का गिऱ्हाइकांसाठी तो खटाटोप कोण करणार? आणि गेमच नाहीत तर गिऱ्हाईक येणार कशाला?

ही कोंडी फुटली ऑगस्ट २०१८ मध्ये, 'प्रोटॉन'मुळे. गेम बनवणारे लिनक्सकडे येत नसतील तर त्यांचा विंडोजसाठीचा गेम आहे तसा लिनक्सवर चालवायचा, असा हा पवित्रा. पाया जुनाच होता. 'वाइन' हा प्रकल्प १९९३ पासून चालू आहे आणि अलेक्झांद्र जुलियार्ड हे गृहस्थ १९९४ पासून त्याची धुरा वाहताहेत. वाइनमध्ये खोटा संगणक उभा केला जात नाही. गेम विंडोजकडे ज्या मागण्या करतो, फाइल उघड, आवाज वाजव, खिडकी दाखव, त्या वाइन मधल्यामध्ये घेते आणि लिनक्सला समजतील अशा करून पुढे देते. प्रोसेसरची आज्ञावली दोन्हीकडे एकच असल्याने तिथे वेळ जात नाही. अडत होते ते चित्रांपाशी. विंडोजचे गेम डायरेक्टएक्सची भाषा बोलतात आणि लिनक्सला ती येत नव्हती. २०१६ मध्ये व्हल्कन हे नवे, उघडे ग्राफिक्स-मानक आले. त्यानंतर फिलिप रेबोले या जर्मन तरुणाने 'निअर: ऑटोमाटा' हा एक गेम लिनक्सवर खेळता यावा म्हणून डायरेक्टएक्स ११ चे व्हल्कनमध्ये रूपांतर करणारे 'डीएक्सव्हीके' लिहायला घेतले. व्हॉल्व्हने त्याला पाठबळ दिले. एका माणसाच्या हट्टातून निघालेला हा तुकडा आज लाखो यंत्रांवर चालतो. डायरेक्टएक्स १२ साठी पुढे वेगळा भाऊबंद तयार झाला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये हातात धरून खेळायचा 'स्टीम डेक' आला आणि प्रोटॉनची खरी परीक्षा झाली. डेक घेणाऱ्यातल्या बहुतेकांना आपण लिनक्स वापरतोय याची फिकीर नव्हती. गेम विकत घेतला, बटण दाबले, चालला. बाजारात आला तेव्हा भारत त्याच्या विक्रीच्या यादीत नव्हता. आपल्याकडे तो आला तो आयातदारांकडून, चढ्या भावाने. पण त्याच्यासाठी झालेले काम फुकटात प्रत्येक लिनक्सवाल्याच्या पीसीवर पोचले. आज स्टीमवरचा एकट्याने खेळायचा कुठलाही गाजलेला गेम घ्या, 'बाल्डर्स गेट ३', 'सायबरपंक २०७७', 'एल्डन रिंग', तो बसवण्यापूर्वी चालेल की नाही याची चिंता करायची वेळ सहसा येत नाही. शंका वाटलीच तर प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर इतर खेळाडूंचे अनुभव वाचता येतात.

एक विक्षिप्त गोष्ट इथे सांगायलाच हवी. लिनक्ससाठी मुद्दाम बनवलेली गेमची आवृत्ती अनेकदा प्रोटॉनमधून चालवलेल्या विंडोज-आवृत्तीपेक्षा वाईट चालते. कारण लिनक्सच्या आतल्या, गेम ज्यांवर विसंबतो त्या लायब्ररी सतत बदलतात. पाच-सात वर्षांपूर्वी कोणीतरी लिनक्ससाठी करून दिलेला गेम बेवारस पडतो. विंडोजचा जुना इंटरफेस मात्र सहसा मोडत नाही. लिनक्सवर गेमसाठी सर्वांत टिकाऊ पाया विंडोजचा, असे लिनक्सवाले स्वतःच हसत सांगतात.

वेगाचे काय? 'लिनक्सवर गेम जास्त पळतो' असे छातीठोक सांगणाऱ्यावर आणि 'अर्धा वेग जातो' म्हणणाऱ्यावर, दोघांवरही विश्वास ठेवू नये. हे बरेचसे ग्राफिक्स कार्डावर ठरते. एएमडीचे ड्रायव्हर उघडे आहेत आणि लिनक्ससोबतच येतात. व्हॉल्व्हने स्वतः त्यांच्यावर माणसे लावली, कारण डेकमध्ये चिप एएमडीची. अशा कार्डावर विंडोज आणि लिनक्स यांच्यात फरक थोडा, कधी या बाजूला तर कधी त्या. २०२५ मध्ये लेनोव्होचा लीजन गो एस हा हातातला पीसी विंडोज आणि स्टीमओएस (व्हॉल्व्हची लिनक्स-प्रणाली) अशा दोन्ही रूपांत आला. एकाच यंत्रावर दोन्ही प्रणाली तपासता आल्या, आणि बऱ्याच गेममध्ये स्टीमओएस पुढे निघाले. 'एल्डन रिंग' २०२२ मध्ये आला तेव्हा तर विंडोजवर तो अडखळत होता आणि डेकवर तुलनेने सुरळीत चालत होता, कारण व्हॉल्व्हने प्रोटॉनच्या बाजूने मेमरी हाताळण्यात दुरुस्ती केली होती.

एनव्हिडियावाल्यांचे मात्र तसे नाही. २०१२ मध्ये फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी कॅमेऱ्यासमोर या कंपनीला मधले बोट दाखवले होते. तेव्हापासून बरेच पाणी वाहून गेले. २०२२ मध्ये कंपनीने ड्रायव्हरचा कर्नेलमधला (प्रणालीच्या गाभ्यातला) भाग उघडा केला, २०२४ मध्ये वेलँड या नव्या चित्रप्रणालीवरची लुकलुक मिटली. तरी डायरेक्टएक्स १२ च्या गेममध्ये एनव्हिडियाचे कार्ड लिनक्सवर विंडोजच्या मागे पडते, आणि ही घट कधी दहा टक्क्यांच्याही पुढे जाते. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर कोणता गेम कोणत्या चिपवर चालतोय याची पंचाईत वेगळीच. जीटीएक्स १० मालिकेची जुनी कार्डे वापरणाऱ्यांसाठी आणखी एक वाईट बातमी: एनव्हिडियाची ५८० ही ड्रायव्हर-शाखा त्यांच्यासाठी शेवटची. म्हणजे विंडोज ११ ने नाकारलेल्या नेमक्या त्याच वयाच्या पीसीला इकडेही मुदत लागलेली आहे. लिनक्स जुन्या यंत्राला जीवदान देते हे वाक्य गेमच्या बाबतीत जरा सांभाळून घ्यावे.

एएमडीवाल्यांनीही टीव्हीला जोडताना जपावे. एचडीएमआय २.१ चा आधार आपल्या उघड्या ड्रायव्हरमध्ये घालण्याचा एएमडीचा प्रस्ताव एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये फेटाळला. त्यामुळे पूर्ण दर्जाचे ४के आणि १२० हर्ट्झ हवे असेल तर डिस्प्लेपोर्टच बरा. आणि दिवाणखान्यातल्या टीव्हीला डिस्प्लेपोर्ट क्वचितच असतो.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. वेग, ड्रायव्हर, टीव्ही ही सगळी किरकिर आहे, वर्षा-दोन वर्षांत सुटणारी. खरी भिंत चीट पकडणाऱ्या प्रणालींची आहे, आणि ती तांत्रिक अडचणीपेक्षा अविश्वासाची जास्त आहे.

'व्हॅलोरंट'चे उदाहरण घ्या. रायट गेम्सचा हा गेम २०२० मध्ये आला, मुंबईत त्याचे सर्व्हर आहेत, आणि कॉलेजांच्या स्पर्धांत, गेमिंग कॅफेंत त्याने घट्ट जम बसवला. त्याच्यासोबत 'व्हॅनगार्ड' येतो. तो संगणक सुरू होतानाच विंडोजच्या कर्नेलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, जाऊन बसतो. खेळाडू गेमची मेमरी वाचणारे, भिंतीपलीकडचा शत्रू दाखवणारे काही चालवतो का, यावर तिथून त्याची नजर असते. लिनक्सवर ही जागा त्याला मिळत नाही. विंडोजच्या कर्नेलमध्ये शिरणाऱ्या ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टची सही लागते. लिनक्सचे कर्नेल कोणीही घरी बसून बदलून घेऊ शकतो. पहारेकऱ्याच्या पायाखालची जमीनच खेळाडूच्या ताब्यात असेल तर पहारा कसला, असा कंपन्यांचा युक्तिवाद आहे. तो पोकळ नाही. मे २०२४ मध्ये व्हॅनगार्ड रायटच्याच 'लीग ऑफ लेजंड्स'मध्येही आला आणि वर्षानुवर्षे वाइनमधून तो गेम खेळणाऱ्यांचा खेळ एका अपडेटसरशी संपला.

पण हा युक्तिवाद सगळ्यांना पुरत नाही. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन प्रमुख प्रणालींनी सप्टेंबर २०२१ मध्येच प्रोटॉनसाठी सोय केली. तिचा वापर करायचा की नाही हे गेम बनवणाऱ्याने ठरवायचे. ईझी अँटी-चीट एपिक गेम्स या कंपनीच्या मालकीची. त्याच एपिकचे प्रमुख टिम स्वीनी 'फोर्टनाइट' लिनक्सवर आणायला तयार नाहीत. इतक्या तऱ्हेतऱ्हेच्या कर्नेलांवर चीट रोखण्याची खात्री देता येत नाही, असे त्यांनी २०२२ मध्ये सांगितले. 'एपेक्स लेजंड्स'ने आधी डेकवर प्रवेश दिला आणि ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी चीट करणाऱ्यांना ही चोरवाट मिळते म्हणून तो काढून घेतला. 'जीटीए ऑनलाइन'मध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय आले आणि लिनक्सवाले बाहेर पडले. एकट्याने खेळायची कथा मात्र चालूच राहिली. 'बॅटलफील्ड ६' ऑक्टोबर २०२५ मध्ये आला तो दार बंद ठेवूनच. त्याने विंडोजवाल्यांनाही सिक्युअर बूटची सक्ती केली.

उलट बाजूला 'मार्व्हल रायव्हल्स', 'हेलडायव्हर्स २', 'आर्क रेडर्स' हे ऑनलाइन गेम लिनक्सवर चालतात आणि त्यांचे काही बिघडलेले दिसत नाही. 'काउंटर-स्ट्राइक २' आणि 'डोटा २' हे व्हॉल्व्हचे स्वतःचे, त्यामुळे त्यांची खास लिनक्स-आवृत्तीच आहे. तिथेही मेख आहेच: 'काउंटर-स्ट्राइक' गांभीर्याने खेळणारे फेसइट या स्पर्धा-मंचावर खेळतात आणि फेसइटची पहारा-प्रणाली फक्त विंडोजची.

माझे मत विचाराल तर कंपन्यांचा हिशेब चीटपेक्षा पैशांचा आहे. तीन टक्के गिऱ्हाइकांसाठी दुसरी पहारा-व्यवस्था पोसायची नाही, एवढेच. विंडोजवर कर्नेलमध्ये पहारा बसवूनही चीट संपलेले नाही. आता दुसऱ्या संगणकातून थेट मेमरी वाचणारी कार्डे विकली जातात. आणि गाभ्यात परक्याला घर दिले की काय होते ते १९ जुलै २०२४ रोजी दिसले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज-यंत्रे आडवी केली, विमाने जमिनीवर राहिली. त्यानंतर सुरक्षा-सॉफ्टवेअरला कर्नेलबाहेर काम करता यावे यासाठी मायक्रोसॉफ्टनेच हालचाल सुरू केली आहे. ती गेमपर्यंत पोचली तर भिंतीला तडा जाऊ शकतो. पण त्या आशेवर आज कोणी प्रणाली बदलू नये.

आपल्याकडे या भिंतीचा जाच जास्त होतो. लिनक्सवर उत्तम चालतात ते तीन-चार हजार रुपये मोजून घ्यायचे, एकट्याने खेळायचे मोठे गेम. पुण्या-नागपुरातला इंजिनिअरिंगचा मुलगा मित्रांबरोबर रात्री खेळतो तो बहुधा फुकटातला, चढाओढीचा गेम. म्हणजे ज्याच्या खिशाला लिनक्स परवडते त्याच्याच आवडीचे गेम तिथे नाहीत.

विंडोज-लिनक्सखेरीज उरला मॅक. ते प्रकरण थोडक्यात उरकता येते. १९९९ मध्ये स्टीव्ह जॉब्सने मॅकवर्ल्डच्या व्यासपीठावरून 'हेलो' हा गेम मोठ्या अभिमानाने दाखवला; पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी बंजी कंपनी विकत घेतली आणि 'हेलो' एक्सबॉक्सचा झाला. तेव्हापासून मॅक आणि गेम यांचे नक्षत्र जुळलेले नाही. २०१९ च्या कॅटालिना या मॅक-प्रणालीने ३२-बिटचे सगळे गेम एका फटक्यात निकामी केले. ॲपलच्या स्वतःच्या चिपा आल्यावर बूट कॅम्पमधून विंडोज टाकायची सोयही गेली. आता ॲपलने वाइनच्याच आधाराने 'गेम पोर्टिंग टूलकिट' काढले आहे, 'सायबरपंक २०७७' जुलै २०२५ मध्ये मॅकवर आला, चिपाही ताकदवान आहेत. पण गेमसाठी मॅक घेणे म्हणजे तेवढ्या पैशात मिळणाऱ्या चांगल्या गेमिंग लॅपटॉपवर पाणी सोडणे. मॅक दुसऱ्या कामासाठी घेतला असेल आणि सोबत चार गेम खेळता आले, तर आनंद मानावा.

मग विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणाली एकाच पीसीवर ठेवाव्यात का? बरेच जण तेच करतात, आणि बहुतेकांसाठी तोच मार्ग योग्य आहे. त्याच्या कुरबुरी आधी कळलेल्या बऱ्या. विंडोज पीसीच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहिते आणि लिनक्स जागतिक वेळ. म्हणून आपल्याकडे एकीतून दुसरीत गेले की घड्याळ बरोबर साडेपाच तासांनी चुकते. एका आज्ञेने हे सुटते. गेमच्या फाइली विंडोजच्या एनटीएफएस ड्राइव्हवर ठेवून दोन्हीकडून वापरायचा मोह होतो, तो टाळावा. प्रोटॉनला ते मानवत नाही. बायोसला हात लावण्यापूर्वी बिटलॉकर या विंडोजच्या ड्राइव्ह-कुलपाची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी, नाहीतर विंडोज आपल्याच मालकाला ओळख विचारत बसते. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने शेजारी नांदणारे लिनक्सच सुरू होऊ दिले नव्हते. म्हणून दोन प्रणालींसाठी दोन वेगळे एसएसडी असतील तर उत्तम.

कोणते लिनक्स, हा वाद घालायला लोकांना फार आवडते. गेमसाठी बॅझाइट हे फेडोरावर आधारलेले आणि सहजी न मोडणारे. कॅशीओएस वेगाच्या वेडापायी हात काळे करायची तयारी असणाऱ्यांसाठी. मिंट ज्यांना विंडोजसारखे काहीतरी, शांतपणे चालणारे हवे त्यांच्यासाठी. नवशिक्याचे काय होऊ शकते हे २०२१ मध्ये यूट्यूबवरच्या लिनस सेबास्टियनने जगाला दाखवले. पॉप ओएस या लिनक्सवर त्याने फक्त स्टीम बसवायला घेतले. प्रणालीने इशारा दिला, त्याने 'हो, मी सांगतो तसे कर' असे टाइप केले, आणि सगळा डेस्कटॉप नाहीसा झाला. ती चूक दुरुस्त झाली. न मोडणाऱ्या प्रणालींची लोकप्रियता तेव्हापासून वाढली ती उगीच नाही.

बारीकसारीक तोटे आणखीही आहेत. मायक्रोसॉफ्टच्या गेम पास या वर्गणीतले गेम लिनक्सवर उतरवून घेता येत नाहीत. एपिक आणि जीओजी या दुकानांचे गेम हिरोइक नावाच्या लाँचरमधून चालतात, पण ती सोय स्वयंसेवकांनी केलेली. स्टिअरिंग व्हील, व्हीआर, माऊसचे दिवे बदलणारे कंपनीचे सॉफ्टवेअर यांचे नशीब ज्याचे त्याचे. बदल्यात मिळते ते असे: ऑनलाइन खात्याची सक्ती नाही, स्टार्ट मेनूत जाहिराती नाहीत, पडद्याची चित्रे साठवणारे 'रिकॉल'सारखे काही नाही, आणि अपडेट कधी करायचे ते आपण ठरवायचे. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॉल्व्हने नव्या 'स्टीम मशीन'ची घोषणा केली आहे. दहा वर्षांपूर्वी पडलेला डबा यावेळी हजारो चालते गेम पदरी घेऊन येतो आहे.

तेव्हा प्रणाली निवडण्याआधी गेल्या वर्षभरात खरोखर खेळलेल्या गेमची यादी काढा. तिच्यात व्हॅलोरंट, फोर्टनाइट, एपेक्स किंवा बॅटलफील्ड ६ यांपैकी एक जरी असेल तर विंडोज ठेवा. यंत्र विंडोज ११ ला चालत नसेल तर पैसे त्यासाठीच साठवा. यादी एकट्याने खेळायच्या गेमची असेल आणि कार्ड एएमडीचे असेल, तर विंडोजसाठी नवा पीसी घेण्याची गरज नाही. कार्ड एनव्हिडियाचे असेल तर आधी दुसऱ्या एसएसडीवर लिनक्स टाकून महिनाभर खेळून पाहा आणि मगच विंडोज पुसा.